बॅनरवर नसलेला माणूस

“हा कोण?” इंगवले सरांनी विचारलं.

“माझा होणारा नवरा,” मी म्हणाले.

शाळेच्या हॉलच्या दारात हिंदुराव चौगुले उभा होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात मिटलेली छत्री, आणि पायपुसण्यावर आधी उजवा आणि मग डावा पाय पुसणं चाललेलं. कोल्हापुरात दिवाळीपासून पावसाचा थेंब पडला नव्हता. तालीम संपल्यावर मला घरी पोचवायला तो आला होता, कारण तशी अट घालूनच आईनं मला नाटकात पाठवलं होतं.

“त्यांना म्हणावं, हलू नका,” सर म्हणाले.

हिंदुराव हलला नाही. तो तसाही फारसा हलत नसे. सर त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

“तुम्हाला आई आहे?”

“आहे की.”

“तिला विचारून सगळं करता?”

“सगळं नाही. महत्त्वाचं तेवढं.”

“कुणी तोंडावर शिव्या दिल्या तर काय करता?”

“नोंद घेतो.”

हे खरं होतं. आमच्या टेलिफोन ऑफिसात तो तक्रार विभागात बसायचा. ज्यांचे फोन बंद पडत ते शेजाऱ्याच्या फोनवरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि तो शांतपणे म्हणे, “नोंद घेतली.” मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, बाहेरगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. त्याच्या आईनं मला ऑफिसच्या सत्यनारायणाला पाहिलं आणि मागणी घातली. घरच्यांनी मला विचारलं, तेव्हा नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. साखरपुडा झाला, माघातली तारीख धरली, आणि मी पुन्हा बोर्डावर बसले.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “रत्नमाला, आपला तिसरा माणूस सापडला.”

इंगवले सर शाळेत चित्रकला शिकवत, पण तरुणपणी ते सिनेमाची बॅनरं रंगवत असत. बॅनर वाळेपर्यंत काम नसे, म्हणून ते टॉकीजमध्ये जाऊन बसत. सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे, आणि त्यातल्या जुन्या काळ्यापांढऱ्या अमेरिकन विनोदी सिनेमांवर त्यांचा भारी जीव. इंग्रजी कळत नसल्यामुळे त्यांचं सगळं लक्ष माणसांवर असे. असले पाचसहा सिनेमे एकत्र घुसळून त्यांनी हौशी नाट्यस्पर्धेसाठी एक मराठी नाटक लिहिलं होतं. दोन माणसांशी एकाच वेळी न अडखळता बोलायची मला नोकरीनं सवय लावली होती, म्हणून नायिका मी.

“असल्या सिनेमात माणसं तीन,” सर हिंदुरावला सांगायला लागले. “एक पोरगी, जिचं तोंड मिटत नाही. एक पोरगा, जो तिच्याशी सतत भांडतो. आणि एक सज्जन माणूस, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं असतं. आता बॅनरवर तोंडं किती? दोन. टॉकीजचा मालक आधीच सांगायचा, पोरगी काढ, भांडखोर काढ, तिसऱ्याला जागा नाही. मी ब्रश बुडवायच्या आधीच मला शेवट कळलेला असायचा.”

“आणि त्या तिसऱ्याचं पुढं काय होतंय?” हिंदुरावनं विचारलं.

“काही होत नाही. सिनेमा संपतो.”

हिंदुरावनं मान हलवली. मग त्यानं घरी जाऊन आईला विचारलं. आईनं विचारलं, काम कसलं आहे? तो म्हणाला, नवऱ्याचं. त्या माउलीला आनंद झाला.

भांडखोराच्या कामाला उदय पोवार होता. तो ऑइल इंजिनं विकायचा, जावा मोटारसायकल फिरवायचा, आणि त्याचं तोंड खरोखरच बॅनरवर काढण्यासारखं होतं. ते त्यालाही ठाऊक होतं. नाटकाच्या शेवटी माझं हिंदुरावशी लग्न लागत असतं. मधे अंतरपाट, त्याच्यापलीकडे हिंदुराव. भटजी ‘सावधान’ म्हणाले, की माझ्या पाठीशी उभा असलेला मामा शिंकायला तोंड फिरवतो, आणि मी वळून पळत सुटते. रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला उदय जावावर बसलेला. मी मागे बसते, अंतरपाट खाली येतो, नवऱ्यासमोर कुणीच नाही, आणि पडदा.

सरांना एकच काळजी होती. लोकांना त्या तिसऱ्याची दया येता कामा नये, नाहीतर सगळी मजा जाते. म्हणून त्यांनी हिंदुरावला मफलर दिला. तो मफलर घालून आला तर बघायला बसलेल्या बायका म्हणाल्या, किती गुणाचं पोर. मग सरांनी त्याला कंजूष केलं. त्यानं हिशेबाची वाक्यं अशा साधेपणानं म्हटली की शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती आपल्या मुलाला म्हणून दाखवली. शेवटी सर वैतागले.

“जरा वाईट माणसासारखं उभं राहा की हो, चौगुले.”

“ते कसं असतंय?”

सरांनी उभं राहून दाखवलं. हिंदुराव तसा उभा राहिला आणि सगळा हॉल हसला, पण मायेनं हसला. सरांनी नाद सोडून दिला.

मला मात्र यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. मला त्या नाटकातलं एकच आवडायचं, ते शेवटचं पळणं. जन्मात मी कधी पळाले नव्हते. शाळेत खाली मान घालून गेले, नोकरीवर खाली मान घालून आले, आणि लग्नाच्या बोहल्यावरही तशीच जाऊन उभी राहणार होते. इथं रोज संध्याकाळी मला परवानगीनं पळायला मिळत होतं. पलीकडे कोण बसलंय ते मी बघतसुद्धा नसे. तिथं उदयऐवजी दुधाचे कॅन ठेवले असते तरी मी तितकीच पळाले असते.

मामाचं काम करणाऱ्या गृहस्थांना कावीळ झाली तेव्हा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास अशी आमची गत झाली. स्पर्धा आठवड्यावर आलेली. मी घरी हे सांगत होते, आणि माझा सख्खा मामा, आण्णामामा, भाकरी खात होता. तो गूळबाजारात गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, उचलून त्यांचं वजन करायचा, त्यामुळे त्याचे हात चांगलेच दणकट होते.

“मामाचं काम ना? मग मी हाय की,” तो म्हणाला. “नाहीतरी माघात तेच करायचं हाय. हात साफ होईल.”

“मामा, त्यात मी पळून जाते.”

“नाटकात ना? जा की. मला काय करायचंय?”

तालमीत तो छान शिंकला. खऱ्या मामानं खऱ्या भाचीला सोडायचं यात काही अडचण येईल असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. नाटकवाली माणसं आम्ही, आम्हाला वाटायचं की शिंक आली म्हणजे झालं.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. पहिले दोन अंक झकास गेले. लोक पोट धरून हसत होते, आणि हिंदुराव आला की जास्तच. तिसऱ्या अंकात मंडप लागला, अंतरपाट धरला गेला, मी अक्षता हातात घेऊन उभी राहिले, मामा माझ्यामागे. भटजींनी सुरेल आवाजात मंगलाष्टक म्हटलं आणि ‘सावधान’ म्हणाले.

मामा शिंकला नाही.

मी वळले, तर त्यानं माझं मनगट धरलं. गूळ उचलणारा हात तो. मी ओढून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

“मामा, सोड,” मी ओठ न हलवता म्हणाले.

“गप उभी राहा. व्याही बसल्यात.”

“नाटक आहे मामा.”

“आसू दे नाटक. दुसऱ्या रांगेत तुझी सासू बसल्या. सगळी भावकी बसल्या. त्यांच्यादेखत मी पोरगी सोडू?”

त्याच्या कपाळावर घाम होता. त्याचंही चुकलं असं मला आज म्हणवत नाही. समोर माझी होणारी सासू, तिच्या शेजारी माझी आई, मागे दोन्हीकडचे पाहुणे, आणि मंडपात पोरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं ते कशासाठी, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाटकापेक्षा जुनं होतं.

भटजींनी प्रसंग ओळखून आणखी एक मंगलाष्टक म्हटलं. पुन्हा ‘सावधान’. मामा ढिम्म. पलीकडे उदयनं उगीच जावाला किक मारली. सरांनी पेट्रोल काढून ठेवलेलं, त्यामुळे ती नुसतीच खोकली. भटजी तिसऱ्या मंगलाष्टकावर आले. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. विंगेत सर दोन्ही हातांनी मामाला शिंकून दाखवत होते.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. “हे जरा खाली घ्या.”

धरणाऱ्यांनी अंतरपाट खाली घेतला. हिंदुरावनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामाच्या हातातल्या माझ्या मनगटाकडे.

“मामा, हात सोडा.”

मामानं सोडला नाही.

“धरून ठेवलेली नवरी मला नको,” हिंदुराव म्हणाला. ज्या आवाजात तो ऑफिसात बोलायचा त्याच आवाजात. “राग नाही. पण नको.”

त्यानं मुंडावळ्या काढून भटजींच्या हातात दिल्या, खुर्चीला टांगलेली छत्री घेतली, पायऱ्या उतरला आणि प्रेक्षकांमधल्या वाटेनं सरळ दारापर्यंत चालत गेला. दार उघडून बाहेर गेला आणि जाताना त्यानं ते आवाज न करता लावून घेतलं.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सरांना पडदा पाडायचं सुचेना. मामानं तेव्हा माझं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती.

आमचा पहिला नंबर आला. परीक्षक सरांना म्हणाले, असा शेवट आम्ही कधी पाहिला नव्हता. सर म्हणाले, खूप विचार करून केलाय. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी मुलाची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिंदुराव कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं डबा उघडला नाही.

“काल मी बोललो ते नाटकातलं होतं असं सगळे समजतायत,” तो म्हणाला.

“नव्हतं?”

“नाही.”

मी घास तसाच हातात धरला.

“अंतरपाटाच्या पलीकडचं काही दिसत नाही,” तो म्हणाला. “पण खाली वीतभर जागा राहते. तिथनं पाय दिसतात. इतके दिवस मी तुमचे पाय बघतोय. पळायचं ‘सावधान’ला आहे. तुमची टाच त्याआधीच उचललेली असते.”

“तालमीत होतं तसं. घाई होते.”

“तुम्हाला बाकी कशाची घाई झालेली मी बघितली नाही. ऑफिसला यायचीसुद्धा.”

“उदयचं तसलं काही नाही हं.”

“मी उदयचं कुठं काय म्हटलं? तुम्हाला उभं राहायचं नव्हतं, एवढंच मला दिसलं. माझ्यासमोर.” त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. “पुण्याची अंतिम फेरी होऊ दे. सगळ्यांनी मेहनत घेतलीय, त्यांचा विचका नको. परत आल्यावर मी आईला सांगतो. तुम्हाला बोल लागणार नाही. मी म्हणेन, माझंच मन नाही.”

“आणि पत्रिका? छापायला टाकल्यात.”

“आईला म्हणतो, जरा थांबू.”

मला राग आला. इतका, की बोर्डावर गेल्यावर मी सांगलीचा कॉल सोलापूरला जोडला. जी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते ती या माणसानं कापडाखालून पाहिली होती, आणि वर राग नाही म्हणत होता. भांडला असता तर मी भांडले असते. मला भांडता उत्तम येत होतं, सरांनी त्यासाठीच तर मला घेतलं होतं.

उदयला यातलं कुणी सांगितलं कोण जाणे. रविवारी तो जावा घेऊन दारात उभा. “आता मोकळी झालीस. चल, पन्हाळ्यावर जाऊन येऊ.” मी गेले. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे. जाताना आणि येताना त्यानं आरशात पाहिलं, पण स्वतःच्या केसांकडे. वर सज्जाकोठीजवळ उभा राहून त्यानं मला विचारलं, “बाजूनं मी चांगला दिसतो की समोरून?” मी म्हणाले, समोरून. त्याला पटलं नाही. उतरताना वारा जोरात होता आणि तो काहीतरी इंजिनांबद्दल सांगत होता. मी मागे बसून विचार करत होते, की हिंदुराव कधी पन्हाळ्यावर आला असेल का, आणि आला असेल तर काय म्हणाला असेल.

इकडे सरांनी नाटकाचा शेवट बदलून टाकला. आता मामानं धरायचं ठरलं, हिंदुरावनं ते वाक्य म्हणायचं, छत्री घ्यायची आणि निघून जायचं. तो गेल्यावर मी उदयकडे वळून म्हणायचं, “आता पेट्रोल आहे का?” की पडदा. सरांचा सिद्धान्त जरा हलला होता, पण मोडला नव्हता.

“तिसरा स्वतःहून जातो, हे नवीन आहे,” ते म्हणाले. “पण बॅनर तेच. तोंडं दोन.”

मग रोज संध्याकाळी हिंदुराव मला सोडून जायला लागला.

सोडून जाणारा माणूस एकदा सोडून जातो, मग माणूस रडतो, सावरतो, लोक समजूत घालतात. मला तो रोज सोडून जायचा आणि पाच मिनिटांनी परत येऊन चहा प्यायचा. पहिल्या दिवशी मला राग होता. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग असं व्हायला लागलं, की तिसरा अंक जवळ आला की मी खुर्चीला टांगलेल्या छत्रीकडे बघायला लागायचे. तो मुंडावळ्या काढायचा तेव्हा मला वाटायचं, आज नाही जाणार, आज थांबेल. तो थांबायचा नाही. चालायचा मात्र दिवसेंदिवस चांगलं. सर म्हणायचे, “वा, चौगुले, पाठ काय बोलते तुमची.” ती पाठ मी बघत होते. माझ्याशी ती काय बोलायची ते सरांना कळण्यासारखं नव्हतं.

आणि तालमीनंतर तोच मला घरापर्यंत पोचवायचा, कारण आईची अट अजून कायम होती. वाटेत आम्ही एक शब्द बोलायचो नाही. आई दारात उभी राहून म्हणायची, “या की आत, शालू आणलाय, बघून जा.” तो म्हणायचा, “पुण्याहून आल्यावर.”

एक दिवस मला राहवेना. बोर्डावर गर्दी नव्हती. मी खालचा तक्रारीचा नंबर लावला.

“तक्रार विभाग,” तो म्हणाला.

“माझी तक्रार आहे.”

त्यानं आवाज ओळखला असणार. वरच्या मजल्यावरून लावलेला फोन होता तो.

“बोला.”

मला बोलताच येईना. दोन गावांशी एकदम बोलणारी मी, आणि एका मजल्याशी बोलता येईना. काय सांगू? तुम्ही जाता ते मला आवडत नाही? मग तो म्हणाला असता, तुम्ही जात होता तेव्हा मी काही म्हटलं का?

“सावकाश सांगा,” तो म्हणाला. “मी आहे.”

मी फोन ठेवून दिला.

पुण्याचा प्रयोग पौषात, दुपारी. आम्ही एस.टी.नं गेलो. आईनं पुण्याहून आल्यावर पत्रिका वाटायला निघायचं ठरवलं होतं आणि त्याची यादी ती गाडीत मामाला वाचून दाखवत होती. मामा हूं हूं करत होता. हिंदुराव त्यांच्या पुढच्याच सीटवर बसला होता, आणि गाडी कात्रजच्या घाटात वळत असताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघायला लागला.

पुण्याचे प्रेक्षक आधी हसायला तयार नव्हते. दुसऱ्या अंकापर्यंत हसायला लागले. तिसऱ्या अंकात मंगलाष्टकं झाली, मामानं मनगट धरलं, या वेळी ठरल्याप्रमाणे, हलकेच. अंतरपाट खाली आला.

“मामा, हात सोडा,” हिंदुराव म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. “धरून ठेवलेली नवरी मला नको. राग नाही. पण नको.”

तालमीत तो हे वाक्य मामाकडे बघून म्हणायचा. आज माझ्याकडे बघून म्हणाला. शेवटचं म्हणून असेल. त्यानं मुंडावळ्या दिल्या, छत्री घेतली, पायऱ्या उतरला. टाळ्या सुरू झाल्या. तो चालत राहिला. दार उघडून बंद झालं.

आता मी उदयकडे वळायचं होतं. उदय जावावर हसरा चेहरा करून बसला होता, समोरून. विंगेतून सरांनी हळूच सांगितलं, “पेट्रोल.”

मला ते वाक्य म्हणता येईना. मला एवढंच कळत होतं, की हा आता चहा प्यायला परत येणार नाही. आज गेला की गेला. उद्या तो आईला सांगणार, परवा त्याची आई माझ्या आईला सांगणार, आणि मग तो मला जिन्यात दिसला की बाजूला होऊन वाट देईल.

“पेट्रोल,” सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

“मामा,” मी म्हणाले, “सोड.”

मामानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. आई पहिल्याच रांगेत बसली होती, आणि मामाला ती दिसत होती.

“कुणीकडं?” तो पुटपुटला.

मी दाराकडे मान केली.

“मग जा की,” मामा म्हणाला, अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असा. “बघतीस काय? पदर खोच.”

मी पळाले. पायऱ्यांवरून उतरले, प्रेक्षकांमधल्या वाटेनं पळाले, नऊवारीचा ओचा हातात धरून. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी “अगं बाई” म्हणालं, ती बहुतेक माझी आई. मागे उदयचा आवाज आला. त्यानं माझं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं, “आता पेट्रोल आहे का?” आणि त्याला उत्तर द्यायला रंगमंचावर कुणीच नव्हतं, तेव्हा भटजी म्हणाले, “नाही.”

बाहेर दुपारचं ऊन होतं. हिंदुराव फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागला होता. लग्नाचा कोट, हातात छत्री. मी हाक मारली, तो वळला.

“नाटक चालू आहे,” तो म्हणाला.

“असू दे.”

“शेवटचं वाक्य तुमचं आहे.”

“उदयनं म्हटलं.”

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होते. तो पुन्हा चालायला लागला आणि मी त्याच्या बरोबरीनं चालायला लागले. चालत नव्हते, धावतच होते.

“तुम्ही म्हणालात ते खरं होतं,” मी म्हणाले. “मला पळायचं होतं. कुणाकडं असं नाही. नुसतं पळायचं होतं. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“मी विचारलं नाही.”

“मलाही कुणी विचारावं अशी सवय नव्हती. पण तुम्ही रोज निघून जाता ते मला सोसत नाही. नाटकातसुद्धा सोसत नाही. मला तुम्ही पाहिजे. हे आता मला कुणी म्हणायला लावलेलं नाही.”

एका सायकलवाल्यानं आमच्या वेषाकडे पाहून घंटी वाजवली.

“मला विचार करायला लागेल,” तो म्हणाला.

“आईला विचारणार?”

“नाही. मीच करणार.”

“करा. मी आहे.”

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी लिहिलं, की नाटक चांगलं होतं, पण शेवटी रंगमंचावर भटजी आणि मोटारसायकलवाला एवढेच उरल्यामुळे कथानकाला न्याय मिळाला नाही. उदय माझ्याशी सहा महिने बोलला नाही, मग इंजिनाच्या जाहिरातीत त्याचा फोटो आला आणि तो सगळं विसरला. त्याच माघात आमचं लग्न झालं. इंगवले सर आले होते, पहिल्या रांगेत बसले, आणि जेवताना पंगतीत सगळ्यांना सांगत होते, की पात्रनिवड त्यांनी बरोबर केली होती, बॅनर रंगवणारे चुकतात.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हिंदुराव समोर बघून चालला होता, त्याच्या नेहमीच्या चालीनं. मला धाप लागली होती, पाय भाजत होते आणि ओचा हातातून सुटायला लागला होता.

“नऊवारीत मला इतकं भराभर चालता येत नाही हो,” मी म्हणाले.

तो थांबला नाही. पण हळू चालायला लागला.